काचेवर चढलेली हळद

काशीला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. मोरिवलीला जाऊन आलेला मी एकटा. मोरिवली म्हणजे अंबरनाथच्या पलीकडं, कारखान्यांच्या मधे दबून बसलेलं एक जुनं गाव. त्याच्या शेजारी औषधं तपासायची एक प्रयोगशाळा आहे आणि तिथं माझा मुलगा सुभाष कामाला आहे. पारावर जो तो मला विचारतो, आबा, तिकडं काय बघितलंत, आणि मी सांगायला लागलो की बिडी विझायच्या आत उठून जातो. म्हणून लिहून वाचनालयात ठेवतोय. शाळा माझी तिसरीपर्यंत झाली. डोळ्यांनी बघितलेलं लिहायला तिसरी पुरते.

गेलो कशाला तेही सांगतो. सुभाष सुट्टीला घरी आला की त्याच्या बोलण्यात सारखे 'पप्पा' यायचे. पप्पांनी हे आणलं, पप्पा असं म्हणाले. पप्पा म्हणजे मी नव्हे. मला तो आबा म्हणतो. पप्पा म्हणजे त्याचे सासरे, आमचे व्याही शंकरराव, राहणार उल्हासनगर. सुभाष तिकडं कॉलेजात शिकायला गेला तेव्हा यांच्या घरात भाड्यानं राहिला, पुढं भाडं बंद होऊन जेवण सुरू झालं, आणि शेवटी यांचीच मुलगी आमच्या घरात आली. आमच्या घरात कसली, तिकडंच राहिली. रोप मी लावलं आणि बहर त्यांच्या अंगणात. ब्याण्णव सालची घटस्थापना झाली आणि मी मनाशी ठरवलं, एकदा जाऊन बघायचंच की हा मुलगा अजून माझा किती उरलाय. आमच्या कृष्णाकाठच्या शेतातली, घरी शिजवून वाळवून कुटलेली हळद पिशवीत भरली आणि एस.टी.त बसलो. कळवलं नाही. बापानं पोराच्या घरी जायला कळवायचं कशाला?

शिरगाव

पुढं लोकल धरली आणि बदलापूरला स्टेशनच्या भलत्याच अंगाला बाहेर पडलो. सुभाषचं घर शिरगावात, म्हणजे पूर्वेला, आणि मी पश्चिमेला. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, पण आपण वाट चुकलो हे परक्याला सांगणं मला जमत नाही. उन्हातून गावभर फिरलो. एका मारुतीला तर मी तीनदा नमस्कार केला. शेवटी एक भाजीवाली आपणहून म्हणाली, "बाबा, पूल चढून पलीकडं जा, मघापासून बघतेय." म्हणून घर सापडलं.

शिरगाव म्हणजे अर्धी भातशेती आणि अर्ध्या इमारती. एका इमारतीला गिलावा व्हायच्या आतच दुसरीचे खांब उभे. बांध कुठला आणि रस्ता कुठला हे त्यांनाही ठरवता येत नाही. सुभाष दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या खाचरात भात पिवळं पडत होतं आणि वरच्या गॅलरीत माणसं चड्ड्या वाळत घालत होती. आमच्याकडं शेतात पाय ठेवताना वहाण काढतात. इथं शेताकडं तोंड करून दात घासतात.

सूनबाई मंगलनं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला, पाया पडली. तक्रारीला जागा नाही. पण भिंतीवर फोटो शंकररावांचा, चांगला फ्रेममधे बसवलेला. माझा कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचा कपाटात आहे मामंजी, फ्रेम करायचाय."

संध्याकाळी सुभाष आला. मला बघून आनंद झाला त्याला, खोटं नाही बोलणार. पण थोड्या वेळानं चेहरा अवघडला. उद्या खंडेनवमी. प्रयोगशाळेत नवीन मशीन आलंय. त्याच्यासाठी वर्षभर खटपट सुभाषनं केली, म्हणून मालकांनी सांगितलं होतं की पूजेचा नारळ तुझ्या घरच्या वडीलधाऱ्याच्या हातून वाढवू. आणि सुभाषनं पप्पांना बोलावून ठेवलं होतं.

"तुम्ही येणार हे कळवलं असतंत, तर..." एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, असू दे. माणूस असू दे म्हणतो तेव्हा पोटात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

कॅम्प नंबर चार

शंकररावांना घ्यायला सकाळी आम्ही उल्हासनगरला गेलो. या शहरातल्या वस्त्यांना कॅम्प म्हणतात, कारण फाळणीनंतर सिंधी लोक तिकडून उठून आले ते इथल्या लष्करी बराकींत राहिले. आता बराकी कमी आणि दुकानं जास्त. एका गल्लीत नुसत्या पँटी शिवतात, दुसरीत नुसते पापड लाटतात. बोर्डावरची अक्षरं वाचत गेलं तर जगातलं सगळं सामान इथंच होतं असं वाटतं.

शंकरराव मूळचे कोकणातले. रेयॉनच्या गिरणीत फोरमन होते, आता निवृत्त. सफारी घालतात, मॅट्रिक झालेत आणि इंग्रजी शब्द असे टाकतात जसे आपण भाजीत शेंगदाणे. शेजारी भगवानदास म्हणून एक सिंधी शेट राहतो. त्यानं आम्हाला दारातूनच बोलावलं, "अचो साईं," आणि बसवून आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढं केलं. त्यांच्यात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत. आपल्याकडं गूळपाणी, तसा त्यांचा पापड. मिऱ्यांचा, खरपूस. पाणी कितीही प्यालं तरी थोडी तहान राहतेच, म्हणजे पाहुणा लवकर उठत नाही. ही रीत मला फार आवडली.

पण भगवानदास शेटनं सुभाषच्या पाठीवर थाप मारून मला सांगितलं, "ये तो शंकरराव का बेटा है, बाबा. जमाई नहीं, बेटा." शंकरराव हसले. सुभाष हसला. माझ्या तोंडात पापड होता, म्हणून मला हसावं लागलं नाही.

विहीणबाईंनी डाळ-पकवान वाढलं. हे त्यांनी शेजारणींकडून शिकलेलं. कडक पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी. दात शाबूत असतील त्यानं जरूर खावं. शंकररावांनी निम्मंच खाल्लं, हल्ली पोट दुखतं म्हणाले. डाळीला रंग पिवळाजर्द होता, नजर ठरेना असा. मी विचारलं, हळद कुठली. शंकरराव म्हणाले, "बाजारात गाड्यावर मिळते. कलर बघा ना आबासाहेब! तुमच्या गावच्या हळदीला एवढा कलर नसेल." मी पकवानाचा तुकडा मोडला. व्याह्याच्या घरी ताटावर बसून भांडायचं नसतं. उठल्यावर भांडता येतं, पण तेवढ्यात रिक्षा आली.

मोरिवली

मोरिवलीला पोचायच्या आधी मोरिवलीचा वास येतो. कधी बदामासारखा, कधी जळक्या रबरासारखा. सुभाष वास घेऊन सांगतो आज कुठल्या बाजूचा वारा आहे. गावात कौलारू घरं आहेत, देऊळ आहे, दारात तुळशी आहेत, आणि तुळशीमागं कारखान्याची चिमणी. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, वासाचं काय करता? तो म्हणाला, "आता सुटीच्या दिवशी वास नसला की झोप येत नाय."

प्रयोगशाळेत शिरताना वहाणा काढायच्या. मला बरं वाटलं, देवळासारखं. पण काढल्यावर दुसऱ्या घालायच्या, तिथल्याच, रबरी. हे कुठल्या देवाला चालतं ते मला कळलं नाही. तिथल्या मुख्य एक बाई आहेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, पण नाडी बघणाऱ्या नव्हेत. औषधाची नाडी बघणाऱ्या. पन्नाशीच्या असतील, आवाज हळू, पण बोलल्या की सगळे हात थांबतात.

सुभाषचं काम मी नीट समजून घेतलं, तेवढं सांगतो. क्षयावरची एक पांढरी पूड आहे. ती बाटल्यांत भरून मुद्दाम गरम आणि दमट कपाटात ठेवतात, आणि अधूनमधून काढून बघतात की ती मोडली का. पूड मोडते म्हणजे तिच्यातून दुसरंच काहीतरी तयार होतं, आणि रोग्याच्या पोटात औषधाऐवजी ते जातं. हे बघायचं कसं? एका काचेच्या पट्टीवर पांढरा लेप देतात. खाली पेन्सिलची रेघ. केसासारखी काचेची नळी घेऊन पुडीच्या पाण्याचा एक थेंब रेघेवर ठेवतात आणि पट्टी झाकणाच्या बरणीत उभी करतात. बरणीच्या तळाला द्रव असतो. धोतराचं टोक पाण्यात पडलं की ओल कशी वर चढते, तसा तो लेपातून चढतो आणि थेंबातल्या पदार्थांना ओढत नेतो. जो हलका तो पुढं, जो चिकट तो मागं. मग अंधारात जांभळा दिवा लावला की प्रत्येक पदार्थ आपल्या जागी ठिपका होऊन बसलेला दिसतो. पूड शाबूत असेल तर ठिपका एकच. सुभाषचा सबंध पावसाळाभर एकच ठिपका आला होता. त्यावर त्याची बाईंसारखीच डॉक्टरी पदवी अवलंबून होती आणि बाई ते काम मुंबईत मोठ्या लोकांपुढं मांडणार होत्या.

पूजा झाली. मशीनला झेंडूची माळ. हळदकुंकू लावायला टेबलाच्या कडेला एक पाट ठेवलेला, आत कशालाही बोट लावायचं नाही अशी बाईंची सक्त ताकीद. नारळ बाहेर पायरीवर शंकररावांनी वाढवला. एका घावात दोन वाट्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, "वाह, हात चांगला आहे." सुभाषनं त्यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडं वळला, पण तेवढ्यात कुणीतरी पेढे आणले.

लोक बाहेर पेढे खात होते तेव्हा मी आत एकटा उभा होतो. मला राहून राहून वाटलं, ही पूजा अर्धी झाली. आमच्याकडं खंडेनवमीला नांगर पुजतात तेव्हा हळद इसाडाला, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याला, लावत नाहीत. फाळाच्या टोकाला लावतात, कारण जमिनीत जातं ते टोक. खुरप्याला टोक, विळ्याला पातं. शंकररावांसारख्या गिरणीतल्या माणसाला हे काय ठाऊक? इथं टोक कुठलं म्हणून मी बघितलं. टेबलावर दोन काचेच्या पेल्यांत त्या बारीक नळ्या उभ्या होत्या. सुभाष हातात धरतो ते अवजार हेच. मी बंडीच्या खिशातली आमच्या हळदीची पुडी काढली, तळहातावर पाण्याच्या थेंबात चिमूट कालवली आणि एका पेल्यातल्या नळ्यांना टोकाशी एकेक करून लावली. अगदी पातळ, वाळल्यावर दिसूही नये अशी. दुसऱ्या पेल्याला हात घालणार तर शंकररावांचा आवाज आला, "आबासाहेब, फोटो काढतायत, या!" मी गेलो. फोटोत ते मधे आहेत, मी कडेला.

अंबरनाथ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुभाष कामावर गेला आणि मी अंबरनाथचं शिवमंदिर बघून आलो. काळ्या दगडाचं, एवढं कोरलेलं की हात ठेवायला सपाट जागा नाही. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून देवाकडं जायचं. आपल्याकडं देव उंचावर असतो आणि गुडघे दुखतात ते चढताना. इथं दर्शन घेऊन परतताना दुखतात. शेजारून वालधुनी नदी वाहते. त्या दिवशी तिचं पाणी निळसर होतं. पुजारी म्हणाला रोज एक रंग नसतो. आमच्या कृष्णामाईचं पाणी आठवून मला तिथं बसवेना.

घरी परतलो तर सुभाष आधीच आलेला आणि बूटही न काढता बसलेला. मंगलनं हळूच सांगितलं. काचेवर आज ठिपका एक नाही आला. वर आणखी पिवळे ठिपके आले. जांभळ्या दिव्याखाली काजव्यासारखे चमकतात. खऱ्या औषधाचा थेंब शेजारी लावतात, त्याला ठिपका एकच. कपाटातल्या सगळ्या बाटल्यांना मात्र पिवळे. म्हणजे पूड मोडली. म्हणजे पावसाळाभराचं काम पुसून पुन्हा पहिल्यापासून, बाईंचं मुंबईला जाणं रद्द, आणि पदवी कधी ते देव जाणे.

मला वाईट वाटलं. पण त्या वाइटात माझा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. हळद देवाची, ती काय वाईट करणार?

बारवी

रविवारी मन रमावं म्हणून शंकररावांनी सगळ्यांना बारवी धरणावर नेलं. टेम्पो त्यांचा, डबा विहीणबाईंचा. मी फक्त बसलो. रस्ता जंगलातून जातो. साग, ऐन, मधेच भाताचे तुकडे, कापणीला आलेले. पाणी एवढं की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. हेच पाणी खाली कारखान्यांत आणि घरांत जातं. सुभाष काठावर गेला आणि एकटाच दगड भिरकावत राहिला.

शंकररावांना मात्र दुःख ठाऊकच नाही. त्यांनी सुभाषकडून सगळं काढून घेतलं आणि त्याचं भलतंच केलं. "पण तो ठिपका आहे काय, हे कुणाला माहीत आहे का? नाही ना? म्हणजे नवीन पदार्थ! अहो, याला रिसर्च म्हणतात. पोराचं नाव लागेल त्याला." आणि मग मला कोपरानं ढोसून, "मशीनला नारळ कुणी वाढवला? बघा, हाताला यश आहे." हेच त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं.

ठाकूरवाडीतली एक म्हातारी करांदे विकत होती. जमिनीतला कडसर कंद, राखेत घालून उकडलेला. मीठ लावून खाल्ला, चांगला लागतो. ती सुभाषकडं बघून शंकररावांना म्हणाली, "ह्यो तुजा पोर ना? चालतं बी तुज्यावानीच."

शंकरराव म्हणाले, "जावई आहे गं," पण असं, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलगाच आहे. सुभाषनं ऐकलं आणि करांद्याला मीठ लावलं. मी तेव्हापासून सुभाषची चाल बघत होतो. डावा पाय किंचित बाहेर टाकतो. माझ्या बापाची चाल आहे ती. पण करांदेवाल्या बाईला माझा बाप कुठला ठाऊक असणार.

परतताना मी म्हटलं, सुभाष, मला तो ठिपका दाखव.

पुन्हा मोरिवली

सोमवारी मला न्यायचं ठरलं, तर शंकररावही सकाळी सफारी घालून हजर. "माझाही हात लागलाय त्याला," म्हणाले.

बाईंनी अंधाऱ्या खोलीत नेलं आणि जांभळा दिवा लावला. तुम्हाला काय सांगू. काळ्या काचेवर खाली औषधाचा काळसर डाग आणि त्याच्यावर एकाखाली एक तीन पिवळे दिवे. सणाला लावल्यासारखे. शंकरराव म्हणाले, "ब्युटिफुल." सुभाष भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा त्या उजेडात आजारी माणसासारखा दिसत होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं की थेंब कशानं ठेवतोस ते मला करून दाखव. त्यानं पेल्यातली नळी उचलली. मी लावली होती त्याच पेल्यातली. मी विचारलं, दुसऱ्या पेल्यातल्या कशाला? म्हणाला, "त्या खऱ्या औषधाच्या, आबा. या बाटल्यांच्या. एकमेकांत मिसळायच्या नाहीत."

पिवळं कुठून आलं ते मला कळलं. गप्प राहावं असंही मनात आलं, लपवत नाही. शंकररावांसमोर मान खाली घालायची? पण मान वर केली तर शंकरराव बाईंना सांगत होते, "मॅडम, या नवीन पदार्थाला नाव देताना आमच्या घराण्याचं बघा बरं का." आणि सुभाष ऐकत होता. वाळत चाललेल्या माणसानं पाण्याच्या आवाजाकडं कान द्यावा तसा. माझ्या हाताचं काम त्यांच्या नावावर जायला निघालं होतं, आणि माझ्या पोराचं वर्षही त्याच्यामागून. दोन्हीतलं मला आधी काय टोचलं ते मी इथं लिहीत नाही.

मी म्हटलं, "तो नवीन पदार्थ-बिदार्थ काही नाही. ती माझी हळद आहे."

सगळे हात थांबले. मी टोकाचं सगळं सांगितलं. फाळ, विळा, नळ्या. सुभाषनं हातातली नळी उजेडाकडं धरली. बाई काहीतरी बोलणार, त्याआधी शंकरराव पुढं आले.

"आबासाहेब, हळद मीही वाहिली होती पाटावर, घरून आणलेली. भरपूर वाहिली. उडून गेली असेल. पंखा चालू होता."

"उडून टोकाला बसेल का? माझीच आहे."

"तुमची कशावरून? माझ्या हळदीचा कलर बघा आणि त्या ठिपक्याचा कलर बघा."

"माझी आहे म्हणतो ना."

"पप्पा, आबा," सुभाष म्हणाला, "गुन्हा कुणी केला त्याचं भांडण आहे हे. बक्षिसाचं नाही."

बाई हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितलं त्यांना. म्हणाल्या, "थांबा. काचेलाच विचारू." शिपायाच्या कपाटात पूजेचं सामान तसंच होतं, त्यातली शंकररावांची हळद आणली. माझी खिशातच होती. नवी पट्टी, नवी रेघ, नव्या नळ्या. पहिला थेंब बिघडलेल्या पुडीचा, जुन्याच नळीनं. दुसरा माझ्या हळदीचा. तिसरा शंकररावांच्या. चौथ्या जागी बिघडलेली म्हणतात तीच पूड, पण कोऱ्या नळीनं. बरणीत उभी केली आणि झाकण लावलं.

मी बैलगाड्यांच्या शर्यती खूप बघितल्यात. एवढी सावकाश शर्यत नाही बघितली. ओल मुंगीच्या पावलानं चढत होती. शंकरराव एका बाजूनं वाकलेले, मी दुसऱ्या बाजूनं, आणि काचेवर आमच्या दोघांच्या श्वासाची वाफ. बाईंनी दोघांनाही मागं सारलं.

मग दिवा. चौथ्या जागी, कोऱ्या नळीच्या थेंबाला, एकच ठिपका. सुभाषनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. पूड शाबूत होती. पहिल्या जागी औषध आणि वर तीन पिवळे. दुसऱ्या जागी, माझ्या हळदीचे, तीन पिवळे, त्याच उंचीवर, रेषेत. तिसऱ्या जागी शंकररावांचे तीन होते, पण मंद, आणि खाली रेघेपाशी एक वेगळाच डाग, न चढलेला. पहिल्या जागी तो डाग नव्हता. म्हणजे नळ्यांना लागली ती त्यांची हळद नव्हे. माझा गुन्हा पक्का झाला. मी शंकररावांकडं बघितलं. जिंकलेल्या माणसानं बघावं तसं.

बाई मला म्हणाल्या, "आजोबा, सुभाषचं काम तुमच्यामुळंच गेलं होतं आणि तुमच्यामुळंच परत आलं. पुन्हा कशाला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "बरं. पण हळद कशी आहे?"

"शुद्ध आहे. एवढीशी लागून इतकी उजळली म्हणजे कसदारही आहे."

हे वाक्य मी गावात सगळ्यांना सांगितलंय, पुन्हा सांगतो. कसदारही आहे.

पण सुभाषचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. तो तिसऱ्या जागेच्या खालच्या डागाकडं बघत होता. त्यानं त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला. डाग गुलाबी झाला आणि गुलाबीच राहिला. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, हा रंग आहे. कापडाला देतात त्या जातीचा. पोटात जायचा नव्हे.

"पप्पा," सुभाषचा आवाज बदलला होता, "ही हळद घरात रोज वापरता? कधीपासून?"

शंकररावांचा आवाज प्रथमच उतरला. मग म्हणाले, पुष्कळ वर्षं. कलर चांगला येतो म्हणून.

"आणि तुमचं पोट दुखतं ते?"

कॅम्प नंबर चार, दुसऱ्यांदा

रिक्षात मी एका कडेला आणि ते दोघं जवळजवळ. सुभाषनं त्यांचा हात हातात घेतला होता. कधी दुखतं, जेवणाआधी की नंतर, तोंडाला कडू येतं का. ओळखीच्या डॉक्टरकडं उद्याच जायचं. मघाशी हरलेला माणूस खाली मान घालून हो हो म्हणत होता, आणि जिंकलेल्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. माझी हळद शुद्ध निघाली होती. शुद्ध हळद खाणाऱ्याची काळजी करायचं कुणाला काय कारण?

दुसऱ्या दिवशी मंगल म्हणाली, तुमच्या पिशवीतली थोडी हळद पप्पांकडं पाठवू का? मी म्हटलं, पाठवू नको. मी स्वतः सगळी पिशवी घेऊन कॅम्प चारला गेलो, कारण देणारा कोण हे दिसायला हवं. विहीणबाईंनी गाड्यावरची हळद मोरीत ओतली आणि माझ्यातली घेऊन डाळ केली. रंग त्या दिवशीसारखा डोळ्यांत भरणारा नव्हता. पण वास असा सुटला की भगवानदास शेट दारात आला. खरं सांगतो, तीच हळद आमच्या घरी तेवढी चांगली लागत नाही. शंकरराव दोनदा डाळ मागून जेवले आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "आबासाहेब, कलर कमी आहे. पण चांगली आहे." त्यांच्या तोंडून तेवढं पुष्कळ होतं. डॉक्टरनं पुढं त्यांना पथ्य दिलं, आणि आता दुखणं कमी आहे असं ऐकतो.

परतीच्या एस.टी.ला सुभाष सोडायला आला. खिडकीशी उभा राहिला. मला वाटलं, आता माझं विचारेल. गुडघ्याचं, डोळ्यांचं, कशाचंही. तो म्हणाला, "आबा, नवी हळद निघाली की पप्पांची आधी बाजूला काढून ठेवा." मी म्हटलं, ठेवतो. गाडी हलली तेव्हा तो बरोबर चार पावलं चालत आला, डावा पाय बाहेर टाकत, आणि थांबला.

गावी आल्यावर मी त्याला एक कार्ड टाकलंय. इकडं सगळं ठीक आहे, पण माझंही पोट अधूनमधून दुखतं, असं लिहिलंय. दुखत काही नाही. बघतो, येतो का.